फिल्टर नीट बसला का?

एअर क्लीनरचं झाकण उघडलं की मशीन कुठल्या कामावर होतं हे मला सहसा विचारावं लागत नाही. आत करडी, बोटाला मऊ लागणारी धूळ असली तर ट्रॅक्टर रोटाव्हेटरवर होता. तांबूस-पिवळी आणि जरा खरखरीत असली तर मुरमाच्या खेपा चालू होत्या. कागदी एलिमेंटच्या घड्यांत फिकट तपकिरी लव दाटून बसली असली तर सोयाबीनचं थ्रेशर. आणि वर वाळल्या गवताचा चुरा, खाली माती असा दुहेरी थर निघाला की ते लॉनचं मशीन, आणि ज्या लॉनवर ते फिरवलं तिथं गवत कमी, माती जास्त.

आमच्या भागात लॉन मोअर ही तशी नवलाईची वस्तू. पण हिवरा आश्रम हे मेहकर तालुक्यातलं गावच जरा वेगळं आहे. शुकदास महाराजांनी 1965 साली इथे विवेकानंद आश्रम सुरू केला, आणि त्याभोवती शाळा, शेतीचं शिक्षण, दवाखाना, वसतिगृहं असा पसारा वाढत गेला. कोराडी प्रकल्पाच्या पाण्यात विवेकानंद स्मारक उभं राहिलं, बागा झाल्या. मोठी आवारं आली की गवत आलं, आणि गवत आलं की ते कापायची मशिनंही आली. माझं काम छोट्या इंजिनांचं. फवारणीचे पंप, ब्रश कटर, पाणी उपसायचे पेट्रोल पंप, पॉवर वीडर, हिरवळीची मशिनं. आणि हंगामात थ्रेशरचे ट्रॅक्टर.

लॉन मोअरबद्दल लोकांना वाटतं, हिरवळीवर चालणारं मशीन, त्याला कसली आलीय धूळ! पावसाळ्यात हे खरं आहे. पण फेब्रुवारीपासून पुढे आमच्याकडची हिरवळ विरळ होते, मधूनमधून माती उघडी पडते. मोअरचं पातं नुसतं कापत नाही, ते पंखाही असतं. पात्याची टोकं वर वळवलेली असतात ती एवढ्याचसाठी, की खालून हवा ओढली जावी, गवताची पाती उभी राहावीत आणि एकसारखी कापली जावीत. गवत असेल तर पंखा गवत उचलतो, नसेल तर माती. म्हणजे हे मशीन स्वतःची धूळ स्वतः उडवतं आणि त्याच धुळीत उभं राहून श्वास घेतं. वर इंजिन थंड ठेवणारा फ्लायव्हीलचा पंखा तीच धूळ चहूकडे फिरवतो. सूचनापुस्तिकेत एअर फिल्टर अमुक तासांनी साफ करा असं लिहिलेलं असतं आणि त्याखाली बारीक अक्षरात, धुळीच्या जागी त्याहून लवकर. आमचा अख्खा उन्हाळा त्या बारीक अक्षरांत येतो.

इंजिन किती हवा खातं याची कल्पना दिली की लोक जरा सावध होतात, म्हणून मी हिशेब करून दाखवतो. लॉन मोअरचं साधं 160 सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला 3000 फेरे मारत असेल, तर दर दोन फेऱ्यांना एकदा हवा आत ओढतं. गळती-घट वजा करता मिनिटाला साधारण 200 लिटर हवा. डिझेलचा जो मोठा बॅरल असतो तेवढी हवा, दर मिनिटाला. थ्रेशर ओढणारा 40 एचपीच्या आसपासचा ट्रॅक्टर घेतला तर दहा बाय दहाची खोली तो पंधरा मिनिटांच्या आत रिकामी करतो. ती खोली धुळीने भरलेली आहे असं समजा, आणि मग विचार करा की मध्ये उभा आहे तो फक्त एक कागद, किंवा बोटभर जाडीचा स्पंज.

'आपली काळी माती मऊ आहे, तिनं काय होते?' हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल. हातावर चोळली तर ती मऊच लागते. काळी माती फुगणाऱ्या चिकणमातीची असते, त्यामुळेच ती पावसात चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पण ती ज्या बेसाल्ट खडकापासून झाली, त्यातल्या खनिजांचे न झिजलेले कण तिच्यात असतातच. त्यांतल्या फेल्डस्पार या खनिजाची कठिणता मोजपट्टीवर 6 आहे. चाकूचं पोलाद साडेपाचच्या आसपास. शेताच्या बांधावर सापडणाऱ्या पांढऱ्या गारगोटीची 7. इंजिनाचा बोअर बिडाचा असतो आणि बीड या सगळ्यांपेक्षा मऊ. रिंग आणि बोअर यांच्यामध्ये ऑइलचा जो पडदा असतो, तो मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढा. त्याहून मोठा, कठीण कण आत शिरला की तो पडदा फाडून दोन्ही बाजूंना ओरखडा पाडतो. डोळ्यांना दिसणारे खडे फिल्टर अडवतोच. घात करतात ते न दिसणारे, 5 ते 20 मायक्रॉनचे कण. आपला केस त्यांच्या कित्येक पट जाड असतो.

माझ्या दुकानात येणाऱ्या मशिनांचे दोन प्रकार. एकाचा फिल्टर चोंदलेला असतो, दुसऱ्याचा गळका. चोंदलेला फिल्टर आरडाओरडा करतो. मशीन काळा धूर सोडतं, पेट्रोल जास्त खातं, प्लग काजळीने काळा होतो, लोड आला की दम टाकतं. माणूस वैतागून दुकानात येतो, फिल्टर बदलतो, काम संपलं. इंजिनाला फारसं काही झालेलं नसतं. गळका फिल्टर मात्र गप्प बसतो. उलट मशीन झकास चालतं, कारण हवा मोकळी मिळतेय. महिना-दोन महिन्यांनी दोरी ओढताना हाताला पूर्वीसारखा अडथळा लागत नाही. मग सकाळी चालू व्हायला त्रास, मग निळसर धूर, मग ऑइल कमी होणं. तोपर्यंत बोअर गेलेला असतो.

जवळच्या एका खेड्यातला तरुण ब्रश कटर घेऊन आला होता. एकच हंगाम वापरलेलं मशीन. संत्र्याच्या बागेतलं गवत कापायला घेतलं होतं, पुढे गावातल्या इतरांचं कामही धरलं होतं.

"मिस्तरी, काऊन असं करते हे? नवं आहे अजून. अन् फिल्टर तर मी रोज धुतो."

धुत होताच. फिल्टर इतका स्वच्छ होता की पाहत राहावं. मी कार्ब्युरेटर सोडवला, पांढऱ्या कापडाचा तुकडा बोटाला गुंडाळला आणि फिल्टरच्या मागच्या बाजूने, म्हणजे जिथं फक्त गाळलेली हवाच यायला हवी तिथून, आत फिरवला. कापड करडं झालं. ते त्याच्या चिमटीत दिलं आणि चोळायला सांगितलं. कचकच त्यालाही जाणवली. मग सायलेन्सर काढून त्या तोंडातून पिस्टन दाखवला. पिस्टनच्या अंगावर वरपासून खालपर्यंत उभे ओरखडे, शेजारी शेजारी. तो बराच वेळ काही बोलला नाही.

झालं होतं असं, की रोज पेट्रोलमध्ये धुऊन, पिळून पिळून स्पंजची एक कड आतून सुटली होती. वरून पाहिलं तर पत्ता लागत नव्हता. कड बसायची त्या खाचेत गवताची एक काडी अडकलेली होती, त्यामुळे झाकण पूर्ण दाबलं जात नव्हतं, आणि झाकणाचा स्क्रू दोन आटे कमी फिरवलेला. मधोमध स्पंज हवा उत्तम गाळत होता. पण हवेला मधून जायची सक्ती कुठे आहे? जिथं वाट सोपी तिथून ती जाते, आणि सोबत धूळ नेते.

टू-स्ट्रोक मशिनात हे फार महागात पडतं. फोर-स्ट्रोकमध्ये हवा थेट बोअरमध्ये जाते, खाली क्रँकला वेगळं ऑइल असतं. टू-स्ट्रोकमध्ये तीच हवा आधी क्रँकच्या पेटीतून फिरते आणि मग वर जाते. तिथल्या बेअरिंगला ऑइल मिळतं ते पेट्रोलमध्ये मिसळलेलं तेवढंच. धूळ आत आली की पिस्टनआधी बेअरिंग खाल्लं जातं. शिवाय ब्रश कटरचं इंजिन माणसाच्या कमरेमागे असतं. कापताना उडालेली धूळ बरोबर त्याच उंचीवर येते. या मशिनाचा फिल्टर लहान, बसायची जागा अरुंद, झाकण प्लास्टिकचं. म्हणून ते लावताना जास्त मन लावावं लागतं.

इतकी वर्षं हे काम करून माझं मत असं बनलंय, की आमच्या भागात इंजिनं मरतात ती फिल्टर साफ न केल्याने कमी, आणि वाईट तऱ्हेने साफ केल्याने जास्त. लोक आळशी नाहीत. शेतकरी आपल्या मशिनाला जपतोच. पण साफ करणं म्हणजे नव्यासारखं पांढरं करणं, असं त्याच्या मनात बसलंय. कागदी एलिमेंटच्या बाबतीत तर गंमत अशी आहे की अगदी नव्यापेक्षा थोडी धूळ बसलेला कागद जास्त बारीक गाळतो, कारण धुळीचे कणच मधल्या फटी लहान करतात. तो रोज काढून झटकणं म्हणजे रोज ते काम उधळून लावणं. वर प्रत्येक वेळी काढता-घालताना कडेची धूळ आत सांडण्याचा धोका वेगळाच.

सगळ्यांत जास्त घात पंक्चरच्या दुकानात होतो. ट्रॅक्टर उभा केला, एलिमेंट काढलं, 'जरा हवा मार रे' म्हटलं. ट्रकच्या टायरमध्ये भरायची हवा ती, 100 पीएसआयच्या वर. कागद तेवढा जोर सोसत नाही. 30 पीएसआयच्या वर हवा द्यायचीच नाही, आणि तीही आतून बाहेर. बाहेरून मारली तर धूळ कागदाच्या पोटात आणखी रुतते, जोराने मारली तर सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. साफ केलेलं एलिमेंट मी अंधाऱ्या कोपऱ्यात नेतो आणि आत मोबाईलचा टॉर्च धरतो. कुठेही उजेडाचा टिपका दिसला की ते फेकायचं. माणूस म्हणतो, "एवढंसं तं भोक आहे." पण मिनिटाला हजारो लिटर हवा ओढणाऱ्या इंजिनासमोर एवढंसं भोकही मोठं दार असतं. कागद पाण्याने धुणंही तसंच वाईट. काळी माती पाण्यात फुगते, कागदाच्या तंतूंत शिरते आणि वाळल्यावर तिथंच घट्ट होते. अशी धुतलेली एलिमेंटं हातात घेतली की वजनावरूनच कळतात.

स्पंजची गोष्ट निराळी, तो धुवायचाच असतो. मी कोमट पाण्यात कपड्याच्या साबणाची पूड टाकतो, स्पंज त्यात दाबतो, सोडतो, पुन्हा दाबतो. पिरगाळत नाही. पहिलं पाणी काळं, दुसरं चहाच्या रंगाचं, तिसरं गढूळ, असं करत स्वच्छ पाणी येईपर्यंत. मग जुन्या सुती कापडात धरून पाणी टिपायचं आणि सावलीत वाळवायचं. उन्हात टाकला की स्पंज ठिसूळ होतो, बोट लावलं तर चुरा पडतो. पूर्ण वाळला की चमचाभर स्वच्छ इंजिन ऑइल घालून हाताने मळायचा, सगळीकडे सारखा रंग येईपर्यंत, आणि मग दाबून जास्तीचं काढून टाकायचं. ही शेवटची पायरी बहुतेक लोक गाळतात. कोरडा स्पंज खडे अडवतो, बारीक धूळ सोडून देतो. त्या धुळीला धरून ठेवतं ते ऑइल. आणि ऑइल जास्त झालं तर इंजिन ते ओढून धूर मारतं, खाली कागदी एलिमेंट असेल तर तेही भिजून वाया जातं. किती हे सांगता येत नाही, हाताला कळतं. मी शिकाऊ पोरांना स्पंज टिश्यू पेपरवर दाबायला लावतो. ओलसर डाग उमटावा, थेंब नाही.

जुन्या ट्रॅक्टरांवर आणि विहिरींवरच्या जुन्या डिझेल इंजिनांवर ऑइल बाथ असतो. आमच्या मागच्या पिढीचे मिस्तरी त्याच्यावरच शिकले. खाली वाटीत ऑइल, वर तारेची जाळी. हवा ऑइलवर आपटून वळते आणि जड कण ऑइलात पडतात. बारीक धुळीच्या बाबतीत तो कागदाएवढा चोख नाही, पण सोशीक आहे. वाटीत तळाला बोटाच्या पेराएवढा गाळ साचला की धुऊन नवं ऑइल भरायचं, खुणेपर्यंत. खुणेच्या वर नाही. मायेपोटी जास्त ऑइल भरणारे लोक आहेत, आणि ते धोक्याचं आहे. डिझेल इंजिन हवेच्या वाटेने ऑइल ओढायला लागलं की ते ऑइलवरच पळायला लागतं. डिझेल बंद केलं तरी थांबत नाही, फेरे वाढतच जातात. तेव्हा एकच उपाय उरतो, हवेचं तोंड बंद करणं, आणि घाबरलेल्या माणसाला तो सुचत नाही.

म्हणून पौष वद्य सप्तमीच्या आधीचे दिवस मला फार जबाबदारीचे वाटतात. स्वामी विवेकानंदांची तिथीप्रमाणे जयंती त्या दिवशी येते आणि गावात मोठा उत्सव असतो. शेवटच्या दिवशी मोकळ्या शेतात लाखो माणसं ओळींनी जेवायला बसतात. पुरी आणि वांग्याची भाजी. आणि वाढप होतं ट्रॅक्टरमधून. शंभराच्या आसपास ट्रॅक्टर ट्रॉल्या घेऊन रांगांमधून माणसाच्या चालीने फिरतात, दोन्ही बाजूंना वाढत जातात. ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांना सांगून पटत नाही. मला मात्र त्या दिवशी गर्दीइतकेच ट्रॅक्टर दिसतात. दोन्ही बाजूंना हातभर अंतरावर बाया-माणसं, लेकरं मांडी घालून बसलेली असतात. तिथं एकही इंजिन बेफाम होता कामा नये. त्या आठवड्यात दुकानावर जो ट्रॅक्टर येतो, तो कशासाठीही आलेला असो, वाटी उतरवून ऑइलची खूण पाहिल्याशिवाय मी सोडत नाही. त्याचे पैसे घेत नाही.

नव्या ट्रॅक्टरांत कोरडा फिल्टर असतो, आत आणखी एक छोटं एलिमेंट. बाहेरचं फाटलं तर वाचवणारं ते. ते साफ करायचं नसतं, सरळ बदलायचं. फिल्टरच्या डब्याखाली एक रबरी तोंड असतं, ओठ मिटल्यासारखं. इंजिनाची गती उतरली की ते उघडतं आणि जड धूळ आपोआप खाली टाकतं. दिवसातून एकदा ते चिमटीत दाबून मोकळं करायला काही सेकंद लागतात. पण ते खराब झालं की काहीजण तारेने बांधून टाकतात, काहींचं पडून जातं आणि त्या भोकातून उलट धूळ वर ओढली जाते. एवढ्याशा रबरावर हजारोंच्या इंजिनाचं आयुष्य अवलंबून आहे, आणि ते रबर तालुक्याच्या बाजारातही वेळेवर मिळत नाही. थ्रेशर थांबलेलं, आभाळ भरून आलेलं, मजूर बसून. अशा वेळी माणूस तार बांधणारच. त्याला दोष देऊन काय उपयोग? ते रबर दुकानात असायला हवं होतं. म्हणून ऑक्टोबरच्या आधी मी रबरी तोंडं, झाकणाचे वॉशर, होजचे क्लॅम्प असा किरकोळ माल भरून ठेवतो. त्यात नफा नगण्य आहे. तरी तो ठेवतो.

सोयाबीनच्या दिवसांत थ्रेशरवर जावं लागतं, मशीन दुकानापर्यंत आणायला कुणाला सवड नसते. शेंगांवरची लव आणि कुटाराचा भुगा हवेत असा तरंगतो की दहा हातांवरचा माणूस धूसर दिसतो. तिथं ट्रॅक्टर उभा करायची दिशा हीच निम्मी देखभाल आहे. वारा पाहून कुटाराचा झोत ट्रॅक्टरपासून लांब जाईल असं थ्रेशर लावलं, तर फिल्टर दुप्पट टिकतो. हे सांगायला कुणी मिस्तरी लागू नये, तरी घाईत राहून जातं.

आणि त्याच धुरळ्यात माणसं उभी असतात. पेंढ्या टाकणारे, पोती भरणाऱ्या बायका. तोंडाला फारतर रुमाल किंवा पदराचं टोक. इंजिनाला ज्या आकाराचा कण मारतो, त्याहून बारीक कण फुप्फुसात खोलवर जातो, आणि सुती रुमाल तो अडवत नाही. इंजिनाचा बोअर गेला तर मी नवा बसवू शकतो. हंगाम संपल्यावर महिना महिना खोकणारी माणसं मी या गावांत पाहतो. थ्रेशरच्या मालकांशी मी आता हे बोलतो. ज्या हिशेबात फिल्टरचे पैसे धरता, त्याच हिशेबात मजुरांसाठी एन-95 मास्क धरा. काहींनी ऐकलं. काही म्हणाले, "बाया लावत नाहीत, मिस्तरी, दम कोंडते म्हणतात." खरं आहे, उन्हात तो कोंडतोच. तास-दीड तासाने जागा बदलली, झोतात उभा असलेला माणूस आडबाजूला आला, तरी फरक पडतो. दोन थ्रेशरवर तसं सुरू झालंय.

दुकानात शिकायला येणाऱ्या पोरांना पहिले काही महिने मी रिंग-पिस्टनच्या कामाला हात लावू देत नाही. ती नाराज होतात, कारण इंजिन खोलणं हेच खरं काम असं त्यांना वाटतं. तोवर त्यांचं काम एवढंच: फिल्टर काढायचा, बसायची जागा कोरड्या कापडाने पुसायची, खाचेतली प्रत्येक काडी वेचायची, रबराची कड बोट फिरवून पूर्ण गोल तपासायची, झाकण लावायचं, क्लॅम्प आवळायचा. मग मी येऊन मागच्या बाजूने पांढरं कापड फिरवतो. परवा एका पोराने मी यायच्या आधीच स्वतः कापड फिरवून पाहिलं, कापडावर करडी रेघ दिसली, आणि काही न बोलता त्याने सगळं पुन्हा खोललं. होजला क्लॅम्पच्या खाली बारीक चीर गेलेली होती, मला वरून ती दिसली नसती. त्याला मी दुसऱ्या दिवसापासून हेड खोलायला घेतलं.